ट्रेनी म्हणून घेता, मग शिकवता काय?

चाकण चौकातून तळेगावकडे निघालं की विजेच्या खांबांवर, टपऱ्यांच्या पत्र्यांवर, बंद शटरवर एकाच छापाच्या जाहिराती दिसतात. ‘नामांकित कंपनीत ट्रेनी पाहिजेत. दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा. वय १८ ते २८. कॅन्टीन, बस फ्री. ओटी मिळेल. इंटरव्ह्यू नाही, डायरेक्ट जॉइनिंग.’ खाली दोन मोबाईल नंबर. कंपनी इतकी नामांकित की तिचं नाव छापण्याची गरजच नाही. रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठंही जा, मजकूर फारसा बदलत नाही.

पगाराचा आकडा लहान आहे हे तर आहेच, पण माझा आक्षेप त्याआधी येतो. ट्रेनी ठेवणं हा एक सौदा आहे. कंपनी कमी पैसे देणार, कारण ती शिकवणार आहे. मुलगा कमी पैशांत राबणार, कारण तो शिकणार आहे. यातली पैशांची बाजू दर महिन्याला काटेकोर पाळली जाते. शिकवण्याची बाजू पाळली का, हे कुणी विचारत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: काय शिकवलं ते ज्या कंपनीला दाखवता येत नाही, तिला कुणालाही ट्रेनी म्हणून ठेवण्याचा हक्क नसावा. तो मुलगा पहिल्या दिवसापासून कामगार धरावा, पूर्ण वेतन, पीएफ, ईएसआय विमा सगळ्यासकट.

भरती कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. लातूर-नांदेडकडचा मुलगा ठेकेदाराच्या ऑफिसात आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स देतो, दोन फोटो देतो, चार-पाच कागदांवर न वाचता सह्या करतो. दुसऱ्या दिवशी कंपनीत तासाभराचा सुरक्षेचा व्हिडिओ. मग सेफ्टी शूज, ज्यांचे पैसे कित्येक ठिकाणी पहिल्या पगारातून कापले जातात. दुपारी तो असेंब्ली लाइनवर उभा असतो. त्याच्या स्टेशनवर नट रनरनं तेच चार बोल्ट आवळायचे. शेजारचा मुलगा दहा मिनिटांत दाखवतो, दोन दिवसांत हात बसतो, आठवड्यात तो लाइनच्या वेगानं काम करतो. त्यानंतर शिकण्यासारखं तिथं काही उरत नाही. तो मात्र पुढचे सहा-सात महिने ट्रेनीच राहतो.

लाइनच्या टोकाला एक फळा असतो, त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. उभ्या ओळीत माणसांची नावं, आडव्या ओळीत प्रक्रिया, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग केलेलं एक वर्तुळ. एक भाग रंगवलेला असेल तर माणूस शिकतो आहे, दोन असतील तर देखरेखीखाली काम करू शकतो, तीन असतील तर स्वतंत्रपणे, आणि पूर्ण वर्तुळ रंगलेलं असेल तर तो दुसऱ्याला शिकवू शकतो. कल्पना उत्तम आहे. नीट वापरली तर कोणत्या मुलाला पुढं काय शिकवायचं याचा नकाशाच हातात येतो. पण बऱ्याच ठिकाणी हा फळा ग्राहक कंपनीच्या ऑडिटसाठी असतो. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी सुपरवायझर स्केचपेन घेऊन बसतो आणि वीस-पंचवीस माणसं एका बैठकीत कुशल होतात.

सगळ्यात वाईट वाटतं ते आयटीआय करून आलेल्यांचं. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा. पहिले काही महिने कानस मारून मारून हाताला घट्टे पडतात. व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप वाचायला शिकतात, मायक्रोमीटर शिकतात, ड्रॉइंग वाचतात. हा मुलगा लाइनवर आला की त्याच्या हाती तोच नट रनर येतो, जो बारावी नापासाच्या हाती असतो. सात महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत कुणी शाफ्ट आणि व्हर्नियर पुढं ठेवला तर तो बिचकतो. म्हणजे ट्रेनी म्हणून राहून त्याचं शिकलेलं कमी झालं. आणि तिथले साहेब म्हणतात, आयटीआयच्या पोरांना काही येत नाही हो.

सात महिन्यांचंही कारण आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या नियमावलीनुसार, बारमाही चालणाऱ्या कारखान्यात बदली किंवा तात्पुरत्या कामगारानं मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस सलग सेवा भरली की त्याला कायम करावं लागतं. तरतूद कामगाराच्या भल्याची. पण कारखानदारीनं तिच्यापासून धडा घेतला तो एवढाच की २४० भरू द्यायचे नाहीत. ‘सात महिने झाले, ब्रेक दिला’ हे वाक्य औद्योगिक पट्ट्यात इतकं रुळलं आहे की ते सांगताना मुलांचा आवाजसुद्धा बदलत नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती राहिली. ठरावीक मुदतीवर नेमलेल्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, ही त्यातली चांगली बाब. पण ज्याला नेमलेलाच नाही, शिकायला ठेवलाय असं सांगितलं, त्याला यातलं काय मिळणार?

शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्याकडे १९६१ पासून कायदा आहे आणि तो वाटतो तितका वाईट नाही. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेनं, ठेकेदारीतले धरून, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत. लेखी करार हवा, त्याची नोंदणी हवी, अभ्यासक्रम हवा, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० ठरवलं आणि केंद्राच्या योजनेतून त्यातला चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. याच कायद्याचं अठरावं कलम सांगतं की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. त्या कायद्यातले अपवाद सोडले तर कामगार कायदे त्याला लागू नाहीत.

ही सवलत फार मोठी आहे. कायद्यानं ती फुकट दिलेली नाही, शिकवण्याच्या बदल्यात दिली आहे. म्हणूनच त्याच कायद्यात लिहिलंय की शिकाऊ उमेदवाराकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. घ्यायचाच तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, परवानगी लागते, आणि ती देताना प्रशिक्षणाचं किंवा सार्वजनिक हिताचं कारण पटावं लागतं. आता खांबावरची जाहिरात पुन्हा वाचा. ट्रेनीही पाहिजे आणि ओटीही मिळेल. तो खरोखरच कायद्यातला शिकाऊ असेल तर ओटी कशी? आणि नसेल, तर तो कामगार आहे. मग त्याला ट्रेनी म्हणण्याचा आधार काय?

मधल्या काळात एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, ‘नीम’ नावाची योजना होती, २०१३ साली आलेली. शिक्षण पूर्ण झालेल्या किंवा अर्ध्यात सुटलेल्या मुलांना उद्योगात प्रत्यक्ष अनुभव मिळावा हा हेतू. विद्यावेतन अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतकं, पीएफ-ईएसआयची जबाबदारी नाही, आणि मुदत तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. मधल्या संस्थांनी हजारोंच्या संख्येनं मुलं पुरवली आणि कारखान्यांत ‘नीम ट्रेनी’ नावाची एक जातच तयार झाली, जी कायम कामगाराशेजारी उभी राहून तेच काम करायची. पुढं ती योजना बंद झाली. सवय राहिली.

गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये प्रशिक्षणाच्या खर्चाचा हिशेब मांडला होता. जे कौशल्य कुठल्याही कंपनीत चालतं, ते शिकवण्याचा खर्च कंपनी स्वतः सोसणार नाही, कारण माणूस शिकून दुसरीकडे जाऊ शकतो. हा खर्च शिकणारा स्वतःच, कमी पगार घेऊन, भरतो. उद्योगपतींच्या सभांमध्ये या हिशेबाचा अर्धा भाग हिरीरीनं सांगितला जातो: शिकवून काय उपयोग, पोरं पळतात. उरलेला अर्धा कुणी सांगत नाही. बेकरचंच म्हणणं मान्य केलं, तर कमी पगारावर राबणारा ट्रेनी दर महिन्याला फी भरतो आहे. फी घेतली तर वर्ग भरवायला नको?

आणि पोरं पळतात ही तक्रार करतं कोण? ज्या कंपनीनं सातव्या महिन्यात स्वतःच ब्रेक दिला, ती. टिकू द्यायचं नाही आणि टिकत नाहीत म्हणायचं. मी या तक्रारीला फारशी किंमत देत नाही, पण एका माणसाच्या तोंडून ती आली तर मी ऐकून घेतो. तो म्हणजे भोसरीतला वीस-बावीस माणसांचा वर्कशॉपवाला. त्यानं दोन वर्षं घालवून एखाद्याला व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनचा, सेटर केलेलं असतं. ऑफसेट घेणं, टूल बदलणं, पहिला पीस काढणं, रिजेक्शन का आलं ते शोधणं, हे सगळं त्याच्याच मशिनवर आणि त्याच्याच मटेरियलची नासाडी करून तो पोरगा शिकलेला असतो. मग मोठी कंपनी चार-पाच हजार जास्त देऊन त्याला उचलते, आणि बऱ्याचदा ती त्याच वर्कशॉपची ग्राहक असते. म्हणजे रेट कमी करायलाही तीच सांगणार आणि माणूसही तीच नेणार. या वर्कशॉपवाल्याचं नुकसान खरं आहे आणि त्याला शिकवण्याची सक्ती करून ते भरून निघणार नाही. पण त्यासाठी कायद्यात वाट आहे: अनेक मालकांनी एकत्र येऊन आपापल्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार फिरवायचे. या वाटेनं जाणारे फारच थोडे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमकडे पाहिलं तरी समाईक प्रशिक्षणाची ताकद कळते. तिथून टूल अँड डायचं, म्हणजे साचे-हत्यारं घडवण्याचं, शिकून निघालेल्या मुलाला खांबावरची जाहिरात वाचावी लागत नाही.

आपल्याकडे हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी पिंपरीचा इतिहास पाहावा. १९६० च्या दशकात सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुणे प्रकल्प उभारायला घेतला तेव्हा गाड्या निघायला अवकाश होता. आधी प्रशिक्षण केंद्र आणि यंत्रं-साचे घडवणारे विभाग उभे राहिले. शाळेतून निघालेली मुलं घेऊन त्यांना टूलमेकर करायला वर्षं लागली, आणि ती वर्षं कंपनीनं दिली. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी पुढं भोसरी-चिंचवडमध्ये स्वतःची वर्कशॉप टाकली. कंपनीच्या हिशेबात ही पळालेली पोरं. पिंपरी-चिंचवडचा पुरवठादार उद्योग बराचसा याच पळालेल्या पोरांनी उभा केला आणि त्याच कंपनीला सुटे भाग पुरवले.

त्याच्याही आधी मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होती. माणूस घ्यायचा त्यानं, काढायचा त्यानं, आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे दलाली, घ्यायची त्यानं. ही मनमानी इतकी वाढली की १९३५ मध्ये गिरणी मालकांच्या संघटनेलाच बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणावी लागली. आजचा मनुष्यबळ पुरवठादार लेटरहेड वापरतो, जीएसटी भरतो, पण भरतीचा निर्णय कारखान्याच्या बाहेर ठेवण्याचं त्याचं काम जॉबरचंच.

इथं कुणी म्हणेल, हे शॉप फ्लोअरचं झालं. शिकलेल्यांच्या नोकऱ्यांत असं नाही. तिथं वेगळा रोग आहे. तिथं शिकवण्याची जागा निवडीनं घेतली आहे. दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे सलग साठ टक्के हवेत, ही अट कॅम्पसवर अजून चालते. बारावीत बाप आजारी होता म्हणून अठ्ठावन्न पडलेला मुलगा पुढं कितीही चांगला प्रोग्रामर झाला तरी कंपनीच्या दारात उभा राहू शकत नाही. मग अॅप्टिट्यूड, मग ग्रुप डिस्कशन, मग ‘स्वतःबद्दल सांगा’. यातल्या बऱ्याच चाळण्यांनी काम येणारा माणूस सापडतो असं नाही. श्मिट आणि हंटर या अभ्यासकांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या अनुभवाच्या आणि शिक्षणाच्या वर्षांवरून कामाचा अंदाज फार कमी येतो, प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतला तर बराच येतो, असं दिसलं. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. बरेच खाली आले, पण सगळ्यांना तेच प्रश्न, तेच निकष अशी आखीव मुलाखत वर राहिली. म्हणजे जुना फोरमन उमेदवाराच्या हाती कानस देऊन पाहायचा, ते शास्त्राला धरून होतं. ‘अनुभव दोन ते तीन वर्षे’ असं फ्रेशरच्या जागेला लिहिणारा एचआर मॅनेजर नाही.

आयटीतल्या मोठ्या कंपन्यांना एक श्रेय द्यायला हवं: त्या शिकवतात. इन्फोसिसचं म्हैसूरचं केंद्र ही देशातली मोठीच शाळा आहे. पण तिथंही फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेहून जास्त नवशिक्यांना, तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत म्हणून, बाहेर काढलं. त्यातल्या अनेकांना ऑफर लेटर २०२२ मध्ये मिळालं होतं आणि जॉइनिंग २०२४ मध्ये. दोन वर्षं थांबवून ठेवलेल्या मुलाला काही महिन्यांत नापास ठरवताना निवड चुकली की शिकवणं चुकलं, हे कंपनीला कुणी विचारायचं? प्रकरण कामगार खात्यापर्यंत गेलं, तिथंही गाडी त्याच ठिकाणी अडली: ही मुलं कर्मचारी की शिकाऊ?

सरकारकडे बोट दाखवावं तर तिथंही तेच. महाराष्ट्रानं २००० साली शिक्षण सेवक आणला. डीएड, बीएड झालेला माणूस, वर्ग तोच, मुलं तीच, पण पहिली तीन वर्षं मानधनावर. प्राथमिक शाळेत ते सुरुवातीला ३,००० होतं आणि १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. या तीन वर्षांत त्याला वेगळं असं कुणी काही शिकवत नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये सरकारनं दिले. आधी सहा महिने, मग आणखी पाच. हजारो मुलं ग्रामपंचायतीत, शाळांत, तहसीलमध्ये बसली. कुणी दाखले लिहिले, कुणी वर्ग घेतले. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनं झाली आणि मंत्र्यांनी सांगितलं की हे तर प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण होतं तर काय शिकवलं त्याचा एखादा कागद हवा होता, आणि काम होतं तर पूर्ण पगार. सरकारनंच हा घोळ घातल्यावर कारखानदाराला कुणाच्या तोंडानं सांगणार?

नोकरी मध्येच सोडू नये म्हणून लिहून घेतल्या जाणाऱ्या बाँडबद्दल थोडक्यात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या सेवेची आणि न केल्यास दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली. मला यात अन्याय दिसत नाही. सार्वजनिक बँकेला भरती पुन्हा करायला खर्च येतो, आणि नेमणूक पूर्ण पगाराची होती. पण या निकालाचा दाखला देत जो मालक ट्रेनीकडून मूळ प्रमाणपत्रं काढून घेतो आणि बाँड लिहून घेतो, त्याचं काही चालू देऊ नये. खर्च वसूल करायचा तर आधी खर्च केलेला असावा.

करायचं काय, याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. शिकाऊ उमेदवारीचे करार आजही केंद्राच्या पोर्टलवर नोंदवले जातात. त्याच पोर्टलवर प्रत्येक आस्थापनेसमोर चार आकडे लोकांना दिसू द्यावेत: किती घेतले, किती परीक्षेला बसवले, किती पास झाले, किती जणांना स्वतःकडे ठेवलं. २०१४ च्या दुरुस्तीनं शिकाऊ उमेदवारांना नोकरीत घेण्याचं धोरण प्रत्येक मालकानं ठरवायचं आहे आणि १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेश परिवहनच्या खटल्यात सांगितलं आहे की बाकी सगळं समान असेल तर शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. तेव्हा चौथा आकडा लपवण्याचं कारण नाही. पोर्टलवर करार नसलेला प्रत्येक ट्रेनी कायद्यानं कामगार समजावा, मग त्याला ठेकेदारानं काहीही नाव देवो. आणि मोठ्या वाहन कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांच्या मुलांच्या प्रशिक्षणाचा हिस्सा उचलावा. माणूस त्यांच्याकडेच जाणार असतो.

इन्स्पेक्टर राज येईल, अशी ओरड होईल. मी इन्स्पेक्टर मागितलेला नाही. चार आकडे मागितले आहेत, आणि नीट शिकवणाऱ्या कंपन्यांना ते दाखवण्यात फायदाच आहे; चांगली मुलं आधी त्यांच्याकडे जातील, तालुक्याच्या आयटीआयचे निदेशक विद्यार्थ्यांना त्यांचीच नावं सांगतील. बाकीच्यांनी विरोध केला, तर चारपैकी कोणता आकडा अडचणीचा आहे, एवढं त्यांच्या संघटनेनं जाहीर सांगावं.